चार चाकांचे एकमत

जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, तेव्हा बहुतेकांची दृष्टी रथाच्या शिखराकडे किंवा दोर ओढणाऱ्या भाविकांकडे लागलेली असते. परंतु ज्याला यंत्रांची आवड आहे त्याने त्या गर्दीत चाकांच्या अगदी लगत वाकून चालणाऱ्या मोगरीवाल्यांकडे पाहावे. रथाच्या अजस्र चाकांना सरळ जाणे तेवढे ठाऊक असते, वळणे ठाऊक नसते. म्हणून रस्त्याचे वळण आले की हातातील लाकडी मोगरी नेमक्या क्षणी नेमक्या चाकाखाली सारून, एका बाजूचे चाक अडवून आणि दुसऱ्या बाजूचे चालू देऊन, ही माणसे तो सारा डोलारा तसूतसूने फिरवून घेतात. त्यांच्या कामात बळापेक्षा अंदाज अधिक लागतो, आणि चाकाचा स्वभाव त्यांच्याइतका जवळून क्वचितच कोणी पाहिला असेल.

हा स्वभाव हट्टी आहे. आपल्या आसाशी काटकोन करणाऱ्या दिशेने चाक अल्प बळाने धावते, आणि आसाच्या दिशेने मात्र घसरल्यावाचून तसूभरही सरकत नाही. पहिल्या गुणामुळे गाडी चालते आणि दुसऱ्यामुळे ती रस्त्यावर टिकते. हा दुसरा गुण नसता तर घाटातल्या प्रत्येक उतरत्या वळणावर गाडी आडवी घसरत दरीकडे गेली असती. तेव्हा चाकाचा हट्ट कायम ठेवून वळावे कसे, हा गाडी बांधणाऱ्यापुढचा जुना प्रश्न आहे. आणि त्याचे एक सुंदर उत्तर म्युनिक येथील गेओर्ग लांकेनस्पेर्गर या गाडी बांधणाऱ्या कारागिराने १८१७ च्या सुमारास शोधले, ज्याचे पेटंट पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी घेतले आणि जे पुढे आकरमान यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. त्या उत्तराचे मर्म असे की वळताना पुढची दोन चाके सारख्याच कोनात न वळवता आतले अधिक आणि बाहेरचे कमी वळवावे, म्हणजे सर्व चाकांच्या आसांच्या रेषा वाढवल्या असता त्या एकाच बिंदूत मिळतात, गाडी त्या बिंदूभोवती फिरते आणि कोणतेही चाक फरफटत नाही. वाचकाने हा बिंदू ध्यानात ठेवावा, कारण या प्रकरणात त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

मोटारगाडीला हे उत्तर पुरले. रस्ता लांब असतो, चालकाला घाई असली तरी मुक्काम पुढेच असतो, आणि दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आपली गाडी आडवी सरकवता येत नाही याचा त्रास दिवसातून एकदोनदाच होतो. परंतु ज्या यंत्राला साऱ्या आयुष्यात १६ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद एवढेच अंगण मिळते, आणि त्या अंगणात आणखी पाच यंत्रे अंगावर धावून येत असतात, त्याची गोष्ट निराळी. अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली, आणि १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी तिची पहिली यंत्रमानव स्पर्धा झाली. आज त्या स्पर्धेत जगभरातील शाळकरी मुलांचे हजारो संघ उतरतात, आणि मुंबईतील मुलांनीही त्यात भाग घेतलेला आहे. दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो, तीन-तीन यंत्रांच्या दोन आघाड्या गालिचा अंथरलेल्या मैदानावर समोरासमोर उभ्या राहतात, आणि सारा सामना अडीच मिनिटांच्या आसपास आटोपतो. त्यातील पहिली काही सेकंदे यंत्राने माणसाच्या हुकुमावाचून, आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांप्रमाणे चालायचे असते. पुढे चालक सूत्रे हाती घेतात. बॅटरी आणि भोवतीची संरक्षक गादी वगळून यंत्राचे वजन अलीकडच्या वर्षांत ५२ ते ५७ किलोंच्या मर्यादेत ठेवावे लागले आहे.

अशा मैदानावर सर्वांत साधी गाडी म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूंची चाके वेगवेगळ्या गतीने फिरवून वळणारी. तिला सुकाणू नाही. रणगाडा वळतो तशी ती वळते. दर बाजूला तीन चाके घालून मधले चाक सुमारे ३ मिलिमीटर खाली बसवण्याची युक्ती संघांनी फार पूर्वीच काढली, म्हणजे एका वेळी गाडीचा भार चारच चाकांवर येतो आणि वळताना टोकांची चाके कमी घासतात. ही गाडी स्वस्त, टणक आणि विश्वासू असते. पण ती बाजूला सरकत नाही. बाजूला सरकण्यासाठी काहींनी मेकॅनम चाके घेतली, ज्यांची कल्पना स्वीडनमधील बेंग्ट इलोन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मांडली. या चाकाच्या घेरावर ४५ अंशांत तिरके रूळ बसवलेले असतात, आणि चारही चाकांच्या फिरण्याचा मेळ घालून यंत्र हव्या त्या दिशेला नेता येते. परंतु येथे चाकाचा दुसरा गुण, म्हणजे आडवे न सरकण्याचा हट्ट, आपण स्वखुशीने विकून टाकलेला असतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याने बाजूने धक्का दिला की रूळ निमूटपणे फिरतात आणि यंत्र मागे लोटले जाते. गर्दी नसलेल्या गुळगुळीत कारखान्यात हा सौदा परवडेल, धक्काबुक्कीच्या मैदानात परवडत नाही.

तिसरा मार्ग, ज्याला स्पर्धेतील मुले ‘स्वर्व्ह’ म्हणतात, तो चाकाचा कोणताच गुण विकत नाही. येथे चाक साधे, रबरी धावेचे आणि पूर्ण पकडीचे असते. मात्र चारही कोपऱ्यांतील प्रत्येक चाकाला दोन मोटारी दिलेल्या असतात, एक त्याला धाववणारी आणि दुसरी त्याला उभ्या अक्षाभोवती वळवणारी. चारही चाके आडवी करा, यंत्र खेकड्यासारखे आडवे धावते. चारही चाके मध्यबिंदूला वर्तुळाकार वेढतील अशी वळवा, ते जागच्या जागी गरगर फिरते. आणि चाकांची तोंडे तिरकी, मध्यबिंदूकडे रोखून ती अडवून धरली, म्हणजे वरून पाहता फुलीचा आकार होतो आणि मग कोणत्याही बाजूने ढकलले तरी निदान दोन चाकांचा हट्ट आडवा येतो. धावण्यासाठी एक गुण आणि ठाण मांडण्यासाठी दुसरा, असे चाकाच्या दोन्ही गुणांचे चीज येथे होते, आणि म्हणून मी या रचनेला मेकॅनमपेक्षा वरच्या पायरीवर मानतो.

आता त्या कोपऱ्यातील घडणीकडे जवळून पाहू. अशा एका घडणीला मॉड्यूल म्हणतात आणि ती दोन्ही तळहातांत मावेल एवढी असते. आरंभीच्या काही रचनांत धाववणारी मोटार चाकाबरोबरच वळत असे. तिच्या तारा एकदोन फेऱ्यांतच पिळवटत, आणि म्हणून चाकाला अमुक कोनापलीकडे वळू न देण्याचा बंदोबस्त करावा लागे. हल्लीच्या रचनेत दोन्ही मोटारी सांगाड्याला पक्क्या बसवतात. धाववणारी शक्ती वळणाच्या अक्षातूनच जाणाऱ्या उभ्या दांड्यावाटे खाली उतरते आणि बेव्हल गिअरच्या जोडीने काटकोनात वळून चाकाच्या आसाला मिळते. दुसरी मोटार मोठ्या दातेरी कड्याला फिरवून चाकाचा काटा, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारी चौकट, वळवते. तारा हलत नाहीत, चाक कितीही फेरे वळो. मात्र या सोयीचे एक बारीकसे देणे आहे: धाववणारी मोटार स्तब्ध ठेवून काटा नुसता वळवला, तरी स्थिर दांड्याभोवती बेव्हल गिअर लोळत जातो आणि चाक थोडे पुढे किंवा मागे लोटले जाते. आज्ञावली लिहिणाऱ्याने हे लोटणे दर वेळी वजा केले नाही, तर यंत्राने आपण किती चाललो याचा ठेवलेला हिशेब प्रत्येक वळणागणिक चुकत जातो.

गिअरचे प्रमाण निवडणे हा या रचनेतील पहिला गंभीर निर्णय. समजा मोटार बिनभाराने मिनिटाला ६,००० फेरे करते आणि चाकाचा व्यास ४ इंच, म्हणजे परीघ सुमारे ३२ सेंटिमीटर आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या मॉड्यूलांत ८.१४, ६.७५ आणि ६.१२ अशी प्रमाणे असतात, त्यांपैकी ६.७५ घेतले तर चाक मिनिटाला ८८९ फेरे फिरेल आणि यंत्राचा कमाल वेग सेकंदाला ४.७ मीटर होईल, ८.१४ घेतले तर ३.९ आणि ६.१२ घेतले तर ५.२. मुले बहुधा शेवटच्या आकड्यावर भाळतात. परंतु १६ मीटरच्या मैदानात कमाल वेग गाठण्याआधीच थांबण्याची वेळ येते, आणि सामन्यातला बहुतेक वेळ वेग घेण्यात आणि टाकण्यातच जातो; शिवाय ज्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर हे सारे चालते तिच्यावर आठ मोटारींनी एकदम मागणी केली म्हणजे तिचा दाब कोसळतो, आणि तो ७ व्होल्टच्या आसपास खाली गेला की मुख्य नियंत्रक स्वतःचा बचाव म्हणून मोटारींचा पुरवठा तोडतो. तेव्हा प्रत्येक मोटारीला किती प्रवाह घेण्याची मुभा द्यायची, हे चाक गालिच्यावर घसरण्याच्या बेताला कुठे येते ते प्रत्यक्ष मोजून ठरवावे. चाक घसरू लागल्यावर ओतलेला प्रवाह धाव झिजवण्याखेरीज काही करत नाही.

येथवर लोखंड आणि ॲल्युमिनियम झाले. या रचनेचा प्राण मात्र गणितात आहे, आणि ते गणित शाळेतील भूमितीच्या पलीकडचे नाही. सपाट जमिनीवर कोणत्याही वस्तूला तीनच स्वातंत्र्ये असतात: पुढेमागे जाणे, आडवे जाणे आणि स्वतःभोवती फिरणे. आपल्या यंत्राला मोटारी मात्र आठ आहेत. तीन गोष्टी ठरवायला आठ अधिकारी नेमले, म्हणजे उरलेल्या पाचांना स्वतःचे मत असून चालत नाही. एकाने जरी वेगळा हुकूम दिला तरी चाके एकमेकांशी झुंजू लागतात, गालिचा चुरगळतो, मोटारी तापतात आणि यंत्र भलतीकडेच सरकते.

एक उदाहरण घेऊन पाहू. चाके ६० सेंटिमीटर बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर आहेत असे धरा, म्हणजे मध्यापासून प्रत्येक चाक ३० सेंटिमीटर पुढे किंवा मागे आणि तितकेच डावीकडे किंवा उजवीकडे आहे. चालकाची इच्छा अशी की यंत्राने सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे जावे आणि त्याच वेळी डावीकडे सेकंदाला ५ रेडियन, म्हणजे पाऊण फेऱ्याहून किंचित अधिक, या गतीने फिरावे. फिरण्यामुळे प्रत्येक चाकाच्या वाट्याला ५ गुणिले ०.३, म्हणजे १.५ मीटरचा पुढेमागचा आणि तितकाच आडवा वेग येतो; डाव्या बाजूच्या चाकांत तो पुढच्या वेगातून वजा होतो, उजव्या बाजूच्या चाकांत त्यात मिळतो. पुढचे डावे चाक यामुळे पुढे ०.५ आणि डावीकडे १.५ अशा वेगाचे, म्हणजे सरळ दिशेपासून सुमारे ७२ अंश डावीकडे वळलेले आणि सेकंदाला १.५८ मीटर धावणारे असले पाहिजे. पुढचे उजवे चाक २३ अंश डावीकडे वळून ३.८१ मीटर वेगाने धावले पाहिजे. आणि मागची दोन चाके याच आकड्यांनी उजवीकडे. आता चारही आसांच्या रेषा कागदावर वाढवा. त्या सर्व एकाच बिंदूत मिळतात, आणि तो बिंदू यंत्राच्या मध्यापासून ४० सेंटिमीटर डावीकडे, डाव्या चाकांच्या रेषेच्या १० सेंटिमीटर बाहेर पडतो. म्युनिकच्या कारागिराचा बिंदू तो हाच! फरक एवढाच की गाडीच्या सुकाणूला तो मागच्या आसाच्या रेषेवरच जवळ किंवा दूर सरकवता येई, आणि येथे तो मैदानावर कुठेही, सेकंदाला पन्नास वेळा नवा मांडता येतो. कागद, मोजपट्टी आणि कोनमापक घेऊन हे चित्र प्रत्येक संघातील प्रत्येक मुलाने एकदा स्वहस्ते काढावे असे मला मनापासून वाटते; आज्ञावलीची तयार ग्रंथालये आज हा हिशेब आपोआप करून देतात, परंतु ज्याने रेषा मिळताना पाहिल्या नाहीत त्याला चाके झुंजू लागल्यावर बिघाड कुठे शोधावा हे कळत नाही.

या हिशेबात तीन दुरुस्त्या आवश्यक ठरतात. एखाद्या चाकाच्या वाट्याला त्याच्या कमाल वेगाहून अधिक मागणी आली, तर त्या एकट्याचा वेग न छाटता चौघांचाही त्याच प्रमाणात उतरवावा, नाहीतर तो समाईक बिंदू मोडतो. चाकाला ९० अंशांहून अधिक कधीही वळवू नये. उलट्या दिशेला जायचे असेल तर काटा अर्धा फेरा फिरवण्यापेक्षा मोटार उलटी फिरवणे कितीतरी जलद. आणि तिसरी दुरुस्ती सूक्ष्म आहे. नियंत्रक साधारणतः २० मिलिसेकंदांनी एकदा आज्ञा देतो. वरच्या उदाहरणात तेवढ्या अवधीत यंत्र ०.१ रेडियन, म्हणजे जवळजवळ ६ अंश फिरून जाते, आणि त्या काळात चाके मात्र जुन्याच दिशेला धरून राहतात. सरासरीने ही चूक निम्म्या कोनाची, ०.०५ रेडियनची होते, आणि २ मीटरच्या धावेत यंत्र १० सेंटिमीटर बाजूला ढळते. फिरत फिरत सरळ जाणारे यंत्र तिरके का जाते, हे कोडे किती संघांनी मोटारींना आणि गिअरांना दोष देत सोडवायचा यत्न केला असेल! उपाय सोपा आहे: पुढच्या २० मिलिसेकंदांत आपण किती फिरणार हे आधीच धरून दिशा किंचित मागे मांडावी.

चालकाच्या दृष्टीने या रचनेचे खरे वरदान दिशादर्शक यंत्राच्या साह्याने मिळते. यंत्राचे तोंड कुठे आहे हे गायरोस्कोप सांगत असतो. त्यामुळे चालकाने दांडी स्वतःपासून दूर ढकलली की यंत्राचे तोंड कुठेही असो, ते त्याच्यापासून दूरच जाते. समोरून आपल्याकडे येणाऱ्या यंत्राचे डावे-उजवे मनात उलटे करण्याचे कष्ट नाहीसे होतात, आणि चालकाचे सारे लक्ष खेळावर राहते.

आपल्याकडेही या विद्येची भूमी तयार आहे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली आणि २००८ व २०१४ या दोन वर्षी ती पुण्यात भरली; २००८ चा खेळ तर गोविंदाच्या हंडीवर रचलेला होता. पुण्याच्या अशाच एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेत एका संध्याकाळी मी गेलो असता चार चाकांचे एक देखणे यंत्र सारखे डावीकडे ओढले जात होते. मुलांनी दोन रात्री आज्ञावली उलटीपालटी केली होती. अखेर यंत्र उलटे करून पाहता एका मॉड्यूलच्या वळणदांड्याच्या टोकाला चिकटवलेले, नाण्याहूनही लहान असे लोहचुंबक आपल्या खोबणीत फिरलेले आढळले. चाकाची दिशा ओळखणारा संवेदक त्याच चुंबकाकडे पाहून कोन सांगतो. चुंबक ५ अंश फिरले, म्हणून चाकही आपण सरळ आहोत अशा समजुतीने ५ अंश वाकडे धावत होते, आणि उरलेली तीन चाके त्याला ओढत होती. गणितात एका अक्षराचीही चूक नव्हती.

माझे मत असे की ज्या संघाकडे चालकाला निदान दोन आठवडे सराव देण्याइतका अवधी आणि एक जादा मॉड्यूल घेण्याइतका पैसा नाही, त्याने संकोच न करता सहा चाकांची साधी गाडी करावी; नीट चालणारी साधी गाडी अर्धवट जुळलेल्या चार सुकाणूंना सहज मागे टाकते. आणि ज्यांनी ही रचना पत्करली आहे त्यांना माझी एक विनंती आहे. धावेची झीज दर काही सामन्यांनी मोजा, कारण ४ इंचांचे चाक झिजून ३.८ इंचांचे झाले की अंतराच्या हिशेबात शेकडा ५ ची चूक येते आणि ८ मीटरच्या धावेत ४० सेंटिमीटरचा फरक पडतो. मैदानावर जाण्याआधी यंत्र ठोकळ्यांवर उचला, चारही बेव्हल गिअर एकाच बाजूला येतील अशी चाके फिरवा, एक लांब सरळ पट्टी डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना आणि मग उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांना टेकवून ती एका रेषेत आणा, त्या स्थितीत चारही संवेदक दाखवतात ते आकडे वहीत तारीख घालून लिहा, आणि कालच्या आकड्यांशी ताडून पाहा.